घोड्याचा नाल आणि अडीचशे वर्षांचं भांडण

पावसाळा संपल्यावर एका शनिवारी माथेरानला गेलो होतो. दस्तुरी नाक्यावर उतरलो, चहा घेतला आणि बाकीची मंडळी घोडेवाल्यांशी घासाघीस करत असताना मी उगाच इकडेतिकडे बघत उभा होतो. कडेला एक नालबंद काम करत होते. घोड्याचा पुढचा पाय मागे वळवून स्वतःच्या दोन गुडघ्यांमध्ये धरलेला, हातात कानस, आणि खाली खुराच्या कातरणांचा ढीग. घोडा शांत उभा. मी बघत राहिलो.

तीन पायांना आपल्या डोळ्यासमोर येतो तसाच नाल होता, म्हणजे इंग्रजी 'यू'च्या आकाराचा. चौथ्या पायाचा नाल मात्र मागून बंद होता. दोन्ही टोकं एका पट्टीने जोडलेली. न राहवून विचारलं, "काका, हा एकच वेगळा का?"

"चिरलाय खूर. टाचेपाशी."

"मग चारही पायांना असाच का नाही बसवत? जास्त मजबूत दिसतोय."

काका हसले. म्हणाले, "घरात एकाला चष्मा लागला म्हणून सगळ्यांना लावता काय? आधी घोडा चालवून बघायचा. मग पाय बघायचा. मग नाल."

एवढंच बोलणं झालं, पण डोक्यात राहिलं. घरी येऊन वाचायला बसलो आणि पुढचे तीन-चार वीकएंड त्यातच गेले. कारण काकांनी तीन वाक्यांत जे सांगितलं ते युरोपातल्या मोठमोठ्या लोकांना नीट समजायला अडीचशे वर्षं लागली, आणि मध्ये भरपूर घोडे लंगडे झाले. तीच गोष्ट आज सांगतोय.

त्याआधी थोडं आपल्याकडचं. शिवाजी महाराजांच्या पागेची रचना सभासद बखरीत दिली आहे. पंचवीस बारगीरांवर एक हवालदार, आणि त्या पंचविसांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी पाजणारा जितका आवश्यक तितकाच नाल ठोकणारा. पुढे शिलेदारांना मोहिमेआधी जी आगाऊ रक्कम देत तिला नावच 'नालबंदी' पडलं. सह्याद्रीच्या दगडधोंड्यांतून घोडा न्यायचा तर खर्चाची सुरुवात कुठून होते ते या एका शब्दात आलं. पण नाल घालणं वेगळं आणि दुखऱ्या खुराला कुठला नाल घालायचा हे ठरवणं वेगळं. आजचा विषय दुसरा आहे.

*

पहिल्यांदा खूर म्हणजे काय ते बघू, नाहीतर पुढचं भांडण कळणार नाही.

घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो, आपल्या मधल्या बोटावर. खूर म्हणजे त्या बोटाचं नख. साधारण साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर चार नखांवर उभं, आणि त्यातलं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर. पळताना एखाद्या क्षणी सगळा भार एकाच नखावर येतो.

त्या नखाच्या आत एक हाड असतं. मला वाटायचं ते हाड खुराच्या तळावर टेकलेलं असेल, बुटातल्या पायासारखं. तसं नाही. ते खुराच्या भिंतीला आतून लटकलेलं असतं. भिंतीच्या आतल्या बाजूला शेकडो बारीक पापुद्रे असतात, हाडाच्या बाजूलाही तसेच, आणि ते एकमेकांत वेल्क्रोसारखे गुंतलेले असतात. घोड्याचं सगळं वजन या वेल्क्रोवर! आणि पायाच्या मागून एक जाड स्नायुबंध खाली येऊन त्या हाडाच्या तळाला चिकटतो. तो हाडाला सतत मागे ओढत असतो. वाटेत तो एका छोट्या होडीच्या आकाराच्या हाडावरून वळतो, दोरी कप्पीवरून वळते तसा. या छोट्या हाडाला नॅव्हिक्युलर म्हणतात.

खूर उलटा करून बघितला तर तळाशी मधोमध एक त्रिकोणी, रबरासारखा मऊसर भाग दिसतो. इंग्रजीत त्याला चक्क 'फ्रॉग' म्हणतात. पाय टेकला की टाचेकडचा भाग किंचित फाकतो, उचलला की परत जवळ येतो. आणि आता मेख बघा. या फाकणाऱ्या, जिवंत गोष्टीवर आपण लोखंडाची न फाकणारी कड खिळ्यांनी ठोकतो. खिळे भिंतीच्या बाहेरच्या, मेलेल्या भागात जातात त्यामुळे दुखत नाही, आपण नखं कापतो तसंच. पण खुराची हालचाल थोडी तरी बांधली जातेच. शिवाय नालामुळे खूर झिजत नाही, नुसता वाढत राहतो, म्हणून साधारण सहा आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून परत बसवावा लागतो.

म्हणजे नाल हा पहिल्यापासून एक तडजोडच आहे. झीज थांबते, त्याबदल्यात थोडी हालचाल जाते. निरोगी खूर ही तडजोड सहन करतो. प्रश्न येतो तो बिघडलेल्या खुराचा.

*

जुन्या ग्रीकांकडे खिळ्यांचे नाल नव्हतेच. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात झेनोफोन या सेनानीने घोड्यांवर लिहिलं, त्यात खूर कणखर करायचा त्याचा उपाय म्हणजे तबेल्याबाहेर गोल दगड पसरा आणि घोड्याला त्यावर उभं करा. रोमन लोकांकडे खुरावर बांधायचे लोखंडी जोडे होते. खिळ्यांनी ठोकलेला नाल युरोपात सर्रास दिसू लागला तो मध्ययुगात. १५५६ साली चेझारे फियास्की या इटालियन माणसाने घोडा फिरवणं आणि नाल ठोकणं यावर पुस्तक काढलं आणि त्यात वेगवेगळ्या नालांची चित्रं छापली. म्हणजे तेव्हाच नालबंदांकडे 'या दुखण्याला हा नाल' असा संग्रह तयार होता. पण तो होता अनुभवाचा. खुराच्या आत काय चाललंय ते कोणी बघितलेलं नव्हतं.

ते बघितलं फ्रान्समध्ये एतियन-गियोम लाफॉस याने. हा स्वतः नालबंद, पंधराव्या लुईच्या तबेल्यातला. फरक एवढाच की त्याने मेलेल्या घोड्यांचे पाय कापून तपासले. १७५६ साली त्याने नाल ठोकण्याच्या 'नव्या पद्धती'वर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं सोपं होतं. तेव्हाचे नाल लांब, जड आणि टाचेकडे जाड. त्यामुळे फ्रॉग जमिनीपासून अधांतरी राहतो. निसर्गाने तो जमिनीला टेकायला बनवलाय, धक्का शोषायला बनवलाय, आणि आपण त्याला हवेत टांगून ठेवतो. म्हणून नाल अर्ध्या चंद्रासारखा आखूड करा, टाच मोकळी सोडा आणि फ्रॉगला जमीन मिळू द्या.

कागदावर एकदम पटण्यासारखं. इथून पुढे सगळं भांडण या त्रिकोणी बेडकाभोवती फिरतं, तेव्हा तो लक्षात ठेवा.

१७६२ मध्ये लिओंला जगातली पहिली पशुवैद्यकीय शाळा सुरू झाली. १७९१ मध्ये लंडनमध्ये तसंच कॉलेज निघालं. त्याचे पहिले प्राध्यापक फ्रेंच होते, ते दोनच वर्षांत वारले. मग १७९४ मध्ये दोघांना मिळून नेमलं, एडवर्ड कोलमन आणि विल्यम मूरक्रॉफ्ट. मूरक्रॉफ्ट हा लिओंला शिकून आलेला, घोड्यांत मुरलेला. कोलमन माणसांचा सर्जन, घोड्यांचा अनुभव जवळपास शून्य. मूरक्रॉफ्टने थोड्याच आठवड्यांत राजीनामा दिला, आणि कोलमन पुढची ४५ वर्षं, म्हणजे १८३९ मध्ये मरेपर्यंत, त्या खुर्चीत राहिला. (ऑफिसात असले किस्से बघितलेल्यांना वेगळं सांगायला नको.)

कोलमनने फ्रॉगचा मुद्दा उचलला आणि त्याचा सिद्धांत केला. फ्रॉगवर दाब हवा. दाब नसेल तर खूर आक्रसतो, आजारी पडतो. त्यासाठी टाचेकडे पातळ असलेला नाल, आणि तेवढ्याने जमलं नाही तर कृत्रिम फ्रॉग बसवून दाब द्या. तो सैन्याचा मुख्य पशुवैद्यही होता, तेव्हा हे विचार कॉलेजात अडकून पडले नाहीत, घोडदळापर्यंत गेले.

यात चूक कुठे? फ्रॉगला काम असतं हे बरोबरच होतं. पण तोच नाल सगळ्यांना कसा चालेल? ज्याची टाच आधीच खाली बसलीय त्याला टाचेकडे पातळ नाल घातला तर टाच आणखी खाली जाते. टाच खाली गेली की मागचा तो स्नायुबंध जास्त ताणला जातो, आणि नॅव्हिक्युलर हाडावर तो जास्त जोराने दाबला जातो. उंच, आक्रसलेल्या टाचेच्या घोड्याला जे औषध ते सपाट पायाच्या घोड्याला विष. थोडक्यात, घरात एकाला चष्मा लागला म्हणून...

मूरक्रॉफ्टचं पुढे काय झालं ते सांगायलाच हवं, कारण तो आपल्याकडे आला. १८०० साली त्याने नाल ठोकण्याच्या प्रचलित पद्धतींचा आढावा घेणारं पुस्तक लिहिलं. नाल यंत्राने बनवायचं पेटंट घेऊन त्यात बरेच पैसे घालवले. मग १८०८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बिहारमधल्या पुसा इथल्या घोड्यांच्या पैदास केंद्राचा प्रमुख म्हणून हिंदुस्थानात आला. चांगल्या घोड्यांच्या शोधात तो तिबेट, लडाख, बुखारा असा भटकला आणि १८२५ मध्ये आजच्या अफगाणिस्तानात अंदखोई इथे वारला. यंत्राने नाल बनवायचं त्याचं स्वप्न अमेरिकेत हेन्री बर्डनने पुरं केलं. त्याचं पहिलं पेटंट १८३५ चं आणि नंतरचं यंत्र सेकंदाला एक नाल काढायचं. नाल स्वस्त झाला, मुबलक झाला. पण कुठला घालायचा हे यंत्र थोडंच सांगणार?

*

या सगळ्यात मला सगळ्यात आवडलेला माणूस म्हणजे ब्रेसी क्लार्क. लंडनच्या त्या कॉलेजच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी एक, आणि पुढे कोलमनचा कट्टर विरोधक. त्याने एक साधी गोष्ट केली जी आधी कोणालाच सुचली नव्हती. त्याने मोजलं.

एका तरुण घोडीला पहिल्यांदा नाल ठोकायच्या आधी त्याने तिच्या खुराचा प्लास्टरचा साचा घेतला. मग नाल ठोकले, तिला नेहमीसारखं वापरू दिलं आणि पुढच्या काही वर्षांत त्याच खुराचे पुन्हा पुन्हा साचे घेतले. ते सगळे शेजारी शेजारी ठेवले. पहिला साचा रुंद, जवळपास गोल. प्रत्येक पुढच्या साच्यात टाच जवळ आलेली, खूर अरुंद झालेला, फ्रॉग सुकल्यासारखा चिमटलेला. १८०९ मध्ये त्याने हे चित्रांसकट प्रसिद्ध केलं. मी ती चित्रं पाहिली तेव्हा चटका बसला. आम्ही कोडचं प्रत्येक व्हर्जन जपून ठेवतो ते यासाठीच, की बिघाड नेमका कधी शिरला ते कळावं. या माणसाने ते दोनशे वर्षांपूर्वी एका जिवंत पायाचं केलं.

क्लार्कचा निष्कर्ष असा की फ्रॉगवर दाब आहे की नाही हा मूळ प्रश्नच नाही. खूर लवचीक आहे, आणि खिळ्यांनी ठोकलेली लोखंडी कड त्याला फाकू देत नाही, हा रोग. मग त्याने पुढच्या बाजूला बिजागरी असलेला नाल बनवला. पाय टेकला की नालाचे दोन भाग खुराबरोबर फाकणार. कल्पना सुंदर. पण ती फारशी चालली नाही. नाल ही रोज दगडावर आपटायची वस्तू आहे आणि तिच्यात हलणारा भाग घातला की तो आधी झिजतो. आणि खरं सांगायचं तर एका घोडीच्या साच्यांवरून सगळ्या घोड्यांचा निकाल लावणं हेही घाईचंच होतं. ती घोडी अनवाणी तबेल्यात उभी राहिली असती तर खूर कसा झाला असता? ते साचे कुठे आहेत?

तरी क्लार्कने एक गोष्ट कायमची शिकवली. नाल घातल्यावर त्या खुराचं काय होतं ते बघत राहायचं. नाल ठोकला आणि काम संपलं असं नसतं.

मग १८१६ मध्ये जेम्स टर्नर नावाच्या इंग्रज पशुवैद्याने दाखवून दिलं की पुढच्या पायाने लंगडणाऱ्या, पण खूर वरून ठीक दिसणाऱ्या अनेक घोड्यांचा बिघाड आत, त्या नॅव्हिक्युलर हाडापाशी असतो. इतकी वर्षं लोक खुराच्या बाहेरच्या आकारावर भांडत होते आणि दुखत होतं आत. थोड्याच वर्षांत त्यावर उपाय निघाला तो पायाची नस कापायचा. दुखणं जाणवेनासं झालं, घोडा परत गाडीला जुंपला. रोग तिथेच. अलार्म वाजतोय म्हणून अलार्मची वायर कापली, त्यातला प्रकार.

आत बघायची सोय झाली ती १८९५ मध्ये क्ष-किरण सापडल्यावर. इथून नाल निवडण्याचा धंदाच बदलला. आता हाड खुराच्या भिंतीला समांतर आहे की फिरलंय, तळ किती जाड उरलाय, डावी-उजवी बाजू सारखी आहे का, हे नाल बनवायच्या आधी दिसू लागलं. नालबंद आणि डॉक्टर एकाच फिल्मकडे बघून बोलू शकतात.

*

आता एवढा इतिहास झाल्यावर आज हा निर्णय कसा घेतात ते बघू. मी डॉक्टर नाही, नालबंद तर नाहीच. पण यामागचं यंत्रशास्त्र इंजिनिअरला कळण्यासारखं आहे.

पहिलं उदाहरण माथेरानच्या घोड्याचं. टाचेजवळ भिंतीला चीर गेली तर पाय टेकताना चिरेच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलतात आणि चीर वाढते. इथे खुराचं फाकणं थोडं रोखायचंच असतं. म्हणून मागून बंद असलेला नाल. दोन्ही टाचा एका पट्टीने बांधल्या जातात, आणि चिरेखालचा कडेचा भाग थोडा तासून अधांतरी ठेवतात, म्हणजे त्यावर भार येत नाही. क्लार्कने ज्याला रोग म्हटलं, तेच बांधून ठेवणं इथे उपचार झालं!

दुसरं, नॅव्हिक्युलरचं दुखणं. दोरी कप्पीवर जोराने दाबतेय, तेव्हा दोरी सैल करा. टाचेखाली पाचर देऊन टाच उचलली की स्नायुबंधाचा ताण कमी होतो. १९९९ मध्ये डच संशोधकांनी हे मोजलं. पाचरीने त्या हाडावरचा जोर सुमारे २४ टक्क्यांनी कमी झाला. त्याच प्रयोगात, तेव्हा याच दुखण्यावर हमखास वापरला जाणारा मागून अंडाकृती बंद असलेला नाल निरोगी घोड्यांमध्ये तो जोर कमी करताना दिसला नाही. अर्थात मऊ जमिनीवर टाच रुतू न देणं वगैरे त्याचे इतर उपयोग आहेत. पण 'सगळे वापरतात' आणि 'मोजलं' यात फरक असतो तो असा. पाचरही फुकट मिळत नाही. बरेच महिने ठेवली तर टाचेवर भार वाढून टाचच चिरडायला लागते. त्यामुळे ती कधी काढायची हेही घालतानाच ठरवावं लागतं.

तिसरं आणि सगळ्यात भीतीदायक, लॅमिनायटिस. म्हणजे तो वेल्क्रोच सुटायला लागतो. पापुद्रे सुजतात, सुटतात, आणि स्नायुबंध हाडाला ओढून त्याचं टोक खाली फिरवतो. वाईट केसमध्ये हाडाचं टोक तळातून बाहेर येतं. आता भिंतीवर भार देऊन चालणार नाही, कारण भिंतीचं आणि हाडाचं नातंच तुटतंय. मग भार द्यायचा कुठे?

ओळखा. फ्रॉगवर!

१९८० च्या दशकात टेक्सासच्या बर्नी चॅपमन या नालबंदाने बदामाच्या आकाराचा, मध्ये फ्रॉगखाली पट्टी असलेला नाल या रोगासाठी लोकप्रिय केला. फ्रॉगच्या मार्गाने हाडाला खालून आधार द्यायचा. जोडीला खुराचं पुढचं टोक मागे घेतात, म्हणजे पाय उचलताना तरफ लहान होते आणि आधीच सुटत चाललेल्या पापुद्र्यांवर ओढ कमी पडते. लाफॉस आणि कोलमन यांचा फ्रॉग शेवटी कामाला आला, पण सरसकट सिद्धांत म्हणून नाही, एका विशिष्ट बिघाडावरचा उपाय म्हणून. आणि त्यातही चूक करायला फार जागा नाही. पट्टीचं टोक फ्रॉगच्या टोकाच्या थोडं मागे ठेवावं लागतं. ते पुढे गेलं किंवा दाब जास्त झाला तर दुखऱ्या हाडाच्या खालीच दाबलं जातं आणि घोड्याची अवस्था आणखी वाईट होते. म्हणून आधी क्ष-किरण, मग नाल.

*

आता वाटेल, चला, शेवटी योग्य नाल सापडला. पण दोन घोड्यांची गोष्ट राहिलीय.

सेक्रेटॅरिएट. १९७३ मध्ये अमेरिकेच्या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकलेला घोडा. त्यातली शेवटची बेलमाँट त्याने ३१ लांबींनी जिंकली, आणि २ मिनिटं २४ सेकंदांचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. १९८९ मध्ये त्याला लॅमिनायटिस झाला. त्याला मिळू शकत नव्हता असा डॉक्टर किंवा नालबंद जगात नसेल. ४ ऑक्टोबर १९८९ ला, वयाच्या १९ व्या वर्षी, त्याला शांतपणे मरण द्यावं लागलं.

बार्बारो. २००६ चा केंटकी डर्बी विजेता. दोनच आठवड्यांनी, २० मे ला, प्रीकनेस शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय वीसहून जास्त तुकड्यांत मोडला. पेनसिल्व्हेनियात डॉक्टरांनी प्लेट आणि स्क्रू लावून तो जोडला, आणि ते हाड बरंच भरून आलंही. पण मोडलेला पाय जपताना सगळा भार डाव्या मागच्या पायावर आला आणि जुलैमध्ये त्या पायाला लॅमिनायटिस झाला. त्या खुराचा बहुतेक भाग काढावा लागला. जानेवारीत पुढचे दोन्ही पाय बिघडले. २९ जानेवारी २००७ ला त्याला मरण दिलं. म्हणजे तो मोडक्या पायाने मेला नाही, उभं राहायला पायच उरला नाही म्हणून मेला.

घोडा अंथरुणावर पडून बरा होऊ शकत नाही, त्याला उभंच राहावं लागतं. बिघडलेल्या भागावर पूर्ण भार ठेवूनच दुरुस्ती करायची. सर्व्हर बंद न करता दुरुस्ती करताना आम्हाला घाम फुटतो, पण तिथे कोणाचा जीव जात नाही.

आणि त्याच २००७ मध्ये एक शोध प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी निरोगी तट्टांच्या रक्तात इन्शुलिन बराच वेळ चढं ठेवलं, साखर नेहमीइतकीच ठेवून. त्या तट्टांना लॅमिनायटिस झाला. नुसत्या इन्शुलिनने! त्यानंतर समजत गेलं की लॅमिनायटिसच्या खूप केसेस मुळात खुराच्या नसून शरीराच्या आहेत. जास्त गोड गवत, जास्त खुराक, कमी हालचाल, लठ्ठपणा. (वाचताना माझी नजर आपोआप स्वतःच्या पोटाकडे गेली.) अशा घोड्याला जगातला सर्वोत्तम नाल घाला, आणि परत त्याच हिरव्या कुरणात सोडा. काय होणार?

मग नाल निरुपयोगी का? तसं म्हणणारे आहेत. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या जेमी जॅक्सन या नालबंदाने रानटी घोड्यांच्या खुरांवर पुस्तक लिहिलं, आणि त्यातून घोडा अनवाणीच ठेवा म्हणणारी चळवळ वाढली. त्यांच्याकडेही मुद्दे आहेत. पण 'सगळ्यांचे नाल काढा' हे 'सगळ्यांना एकच नाल घाला' याचंच उलटं टोक आहे. रानटी घोडा रोज मैलोन् मैल कोरड्या जमिनीवर चालतो आणि पाठीवर कोणाला घेत नाही. माथेरानचा घोडा लाल मातीच्या, दगडांच्या वाटेवर शनिवार-रविवारी आपल्यासारख्यांना घेऊन फिरतो.

मला यातून एवढंच कळलं. लाफॉस, कोलमन, क्लार्क यांपैकी कोणीही मूर्ख नव्हता, आणि प्रत्येकाच्या म्हणण्यात खऱ्याचा एक तुकडा होता. प्रत्येकाने तो तुकडा सगळ्या घोड्यांना ठोकायचा प्रयत्न केला तिथे बिघडलं. नाल हा त्या एका खुराबद्दलचा अंदाज असतो. हा नेमका कशामुळे दुखतोय याचं उत्तर आधी, लोखंड नंतर. आणि अंदाज असल्यामुळे तो सहा आठवड्यांनी काढून परत तपासावा लागतो. खुराच्या पुढच्या टोकाची भिंत वरून खाली पूर्ण नवीन यायला नऊ महिने ते वर्ष लागतं, म्हणजे अंदाज चुकला की बरोबर तेही लगेच कळत नाही. तेवढा धीर आणि तेवढी नोंद ठेवणारा माणूस हवा.

परत येताना संध्याकाळी दस्तुरीला तोच घोडा दिसला. मालक त्याला पाठीवर कोणी न घेता, हातात लगाम धरून हळूहळू चालवत होता आणि नालबंद काका थोडे लांब उकिडवे बसून फक्त त्याच्या पायांकडे बघत होते. सीझनचा शनिवार, गिऱ्हाईक भरपूर, त्या मालकाची दिवसाची कमाई बुडत होती. मी विचारलं, "बसला का नाल नीट?"

काकांनी मान वर केली नाही. म्हणाले, "ते मी कोण सांगणार? तो चालतोय, बघू या काय म्हणतो."